मूल्यमापन कोणाचे, निकष कोणाचे?

'मूल्यमापन' हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. दलित साहित्याची चर्चा सुरू झाली तेव्हापासून तो आपल्या मानेवर बसलेला आहे. सत्तरच्या दशकात प्रस्थापित समीक्षकांनी आमच्या कविता आणि आमची आत्मकथने तराजूत घातली व ती कलादृष्ट्या हलकी भरली असे जाहीर केले. तेव्हा आपण तराजूकडेच बोट दाखवले. वजने कोणी पाडली आणि तराजूची दांडी कोणाच्या हातात आहे, असे विचारले. त्या वादातून निदान एवढे तरी साधले की, निकष आकाशातून पडत नाहीत, कोणत्या तरी वर्गाने आपल्या जगण्याच्या सोयीने ते घडवलेले असतात, हे मराठी समीक्षेला ऐकून घ्यावे लागले. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिले तेही याच प्रश्नाचा पाठपुरावा करीत.

आज हा शब्द दुसऱ्या दाराने आपल्या वस्तीत शिरला आहे आणि त्याची गाठ आता कवितेशी नसून श्वासाशी आहे. 'आरोग्यसेवेचे आर्थिक मूल्यमापन' असे त्याचे पूर्ण नाव. सरकारने कोणत्या औषधावर, कोणत्या लशीवर, कोणत्या तपासणीवर पैसा घालावा हे ठरवण्याची ही एक रीत आहे. जुन्या उपचारापेक्षा नव्या उपचाराला जादा पैसा किती लागतो आणि त्यातून जादा आयुष्य किती मिळते, हे दोन आकडे मांडायचे. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे एका आयुष्यवर्षाची किंमत. ती ठरावीक मर्यादेच्या आत असली तर उपचार परवडतो, बाहेर गेली तर परवडत नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ साली यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. देशातल्या निरनिराळ्या संशोधन संस्थांकडे ही कामे सोपवली जातात. किंमतीची मर्यादा साधारणपणे देशाच्या दरडोई सकल उत्पादनाइतकी धरतात. मलबार हिल आणि मानखुर्द यांची बेरीज करून दोनाने भागल्यावर जो माणूस उरतो, तो दोन्हीकडे राहत नाही. पण मर्यादा त्याच्या नावाने ठरते.

मी अर्थशास्त्राचा माणूस नव्हे. घाटकोपरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या वर्गात बसणारी मुले गोवंडी, मानखुर्द, विक्रोळी, मुलुंड येथून येतात, आणि दर वर्षी त्यांतले एखाद-दुसरे टीबीमुळे वर्गातून नाहीसे होते. म्हणून हे शास्त्र मी वाचू लागलो. एक संहिता म्हणून वाचले. समीक्षकाला तेवढा अधिकार आहे.

प्रथम एका गोड गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. 'माणसाचे जीवन अमूल्य आहे, त्याची किंमत करणे हेच पाप' असे म्हणणारे सज्जन आपल्याला व्यासपीठावर नेहमी भेटतात. ज्यांच्या जीवनाची किंमत कधी कोणी विचारली नाही त्यांना हे म्हणणे शोभते. आमच्या जीवनाची किंमत या देशात नेहमीच ठरलेली आहे. हाताने मैला काढण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. तरी गटारात माणसे मरत राहिली. त्या वर्षापासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे किंमत आहे. फक्त ती मेल्यावर ठरते आणि न्यायालयात झगडून वाढवून घ्यावी लागते. तेव्हा मोजमापालाच नकार देणे हा आपला मार्ग असू शकत नाही. मोजणाऱ्याला उलट प्रश्न विचारणे हा आपला मार्ग आहे.

तो मार्ग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिलेला आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले. खर्च कोण सोसणार, धंद्यावर बोजा पडेल, अशी हाकाटी झाली. बाबासाहेबांनी त्या वेळी दयेची भाषा वापरली नाही. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. आणि त्याच बरोबर मालकाला विचारले की, पुरुषांऐवजी स्त्रियांना कामावर ठेवण्यात तुला जो नफा होतो तो तू घेतोसच ना. मग त्या स्त्रीचा भार अंशतः तरी तू का उचलू नयेस? १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. या युक्तिवादात खर्च आहे, लाभ आहे, आणि आजच्या पुस्तकी मूल्यमापनात सहसा न दिसणारी तिसरी गोष्ट आहे: लाभ कोणाच्या खिशात जातो आणि खर्च कोणाच्या अंगावर पडतो. बेरजेइतकीच वाटणी महत्त्वाची असते, हे अर्थशास्त्राच्या या पंडिताला शिकवावे लागले नाही. जातिव्यवस्था म्हणजे दुसरे काय आहे?

आता त्या संहितेकडे वळू. या शास्त्राचे सर्वांत गाजलेले परिमाण जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालाने जगापुढे आणले. त्या अहवालाचा विषयच आरोग्यातील गुंतवणूक हा होता. अकाली मृत्यूने गेलेली वर्षे आणि आजारात, अपंगत्वात काढलेली वर्षे यांची एकत्र बेरीज करणारे हे परिमाण. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डॅली' म्हणतात. उद्देश वाईट नव्हता. नुसते मृत्यू मोजले तर वेड, आंधळेपणा, लंगडेपणा यांना हिशेबात जागाच राहत नाही. पण आयुष्य मोजायचे म्हटले की वर्षांना भाव लावावे लागतात, आणि भाव लावणाऱ्याची दृष्टी तिथे उघडी पडते. त्या मूळ पद्धतीत पंचविशीच्या आसपासच्या वर्षाला सर्वाधिक भाव होता. लहान मुलाच्या आणि म्हाताऱ्याच्या वर्षाला कमी. कमावता माणूस तेवढा खरा माणूस, हे तत्त्व आकड्यात उतरले. शिवाय भविष्यातल्या वर्षावर दरसाल तीन टक्के वटाव. सावकार हुंडी वटवताना कापतो तसाच. या हिशेबाने आजपासून तीस वर्षांनी येणारे एक वर्ष आज सुमारे पाच महिन्यांचे भरते. ज्याचे सुख आजच हातात आहे त्याला या वटावाचे काही वाटणार नाही. ज्यांनी पिढ्यानपिढ्या 'मुलांचे तरी भले होईल' एवढ्यावर दिवस काढले त्यांच्या आशेला मात्र कात्री लागते. सुधीर आनंद आणि कारा हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली या परिमाणाची कठोर चिकित्सा केली. पुढे २०१० च्या जागतिक रोगभार अभ्यासात वयाचे भाव आणि वटाव दोन्ही गाळले गेले. पण उपचारांच्या आर्थिक मूल्यमापनात तीन टक्क्यांचा वटाव आजही चालूच आहे, आपल्याकडेही.

याहून बोलके उदाहरण बहिरेपणाचे आहे. ते मला साहित्याचा विद्यार्थी म्हणून फार महत्त्वाचे वाटते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर वर्षानुवर्षे कॅनामायसिनसारखी इंजेक्शने रोज, महिनोन् महिने टोचली जात. त्यातून कित्येक रुग्णांचे कान कायमचे गेले. टीबी बरा झाला, ऐकू येणे संपले. या नुकसानीचे वजन किती? शून्य म्हणजे निरोगी आणि एक म्हणजे मृत्यू, अशा पट्टीवर प्रत्येक व्याधीला वजन दिलेले असते. २०१० च्या अभ्यासात संपूर्ण बहिरेपणाचे वजन ०.०३३ होते. २०१३ च्या अभ्यासात ते ०.२१५ झाले. तीन वर्षांत साडेसहापट. या तीन वर्षांत बहिरेपणा बदलला काय? बदलले ते वर्णन. ही वजने लोकांना व्याधीचे थोडक्यात वर्णन ऐकवून, दोहोंपैकी कोणती स्थिती बरी असे विचारून काढतात. पहिल्या वर्णनात मोठा आवाजही ऐकू येत नाही, एवढेच होते. दुसऱ्यात बोलणे-चालणे अवघड होते, फोन वापरता येत नाही, त्यातून काळजी आणि एकटेपणा येतो, हे घातले गेले.

म्हणजे दोन-तीन वाक्यांनी एका माणसाच्या दुःखाचा भाव ठरला. बावीस वर्षांच्या मुलीचे कान गेले आणि ती पुढे चाळीस वर्षे जगली, असे धरा. पहिल्या वजनाने तिचे नुकसान सव्वा वर्षाच्या थोडे वर भरते. दुसऱ्या वजनाने साडेआठ वर्षांच्या वर. पहिल्या आकड्यावर स्वस्त इंजेक्शन सहज जिंकेल, दुसऱ्यावर महाग गोळीची बाजू सावरू लागेल. वेदनेचे वर्णन कोण करतो यावर वेदनेचे मूल्य ठरते, हे आम्ही दलित आत्मकथनांच्या संदर्भात पन्नास वर्षे सांगत आलो. ते एखाद्या तक्त्यात दशांश चिन्हासह सिद्ध झालेले पाहायला मिळेल असे वाटले नव्हते.

दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीत माणसाच्या जगण्याची प्रत पाच प्रश्नांनी मोजतात: चालता-फिरता येते का, स्वतःचे स्वतः करता येते का, रोजची कामे होतात का, वेदना आहे का, चिंता-उदासी आहे का. या पद्धतीचे भारतीय भाव ठरवण्यासाठी देशातल्या साडेतीन हजारांवर लोकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या आणि २०२२ साली ते प्रसिद्ध झाले. परक्या देशाचे भाव उसने घेण्यापेक्षा हे बरेच बरे. परंतु या पाच प्रश्नांत मान-अपमान कुठे आहे? टीबी झाल्याचे कळताच घरकाम सुटते, ठरलेले लग्न मोडते, चाळीत पाण्याच्या नळावर बाई बाजूला उभी राहते. विटाळाचा अनुभव ज्या समाजाने घेतला आहे त्याला या नव्या विटाळाची ओळख पटकन पटते. पाचव्या प्रश्नात 'उदास वाटते' एवढी खूण करून तो संपत नाही.

आता टीबीचाच इतिहास थोडा विस्ताराने पाहू, कारण मुंबईच्या पूर्व उपनगरांइतका तो क्वचितच कुठे अंगावर येतो.

आरंभ चांगला होता. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या एका प्रयोगात १९३ गरीब रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष आले: घरी राहणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागणही झाली नाही. हा निष्कर्ष गरिबांच्या बाजूचा होता यात शंका नाही. खाट मिळण्याची वाट पाहत मरणाऱ्यांची त्याने सुटका केली; १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम त्यावर उभा राहिला. स्वस्त उपचार म्हणजे हलका उपचार असे नेहमीच नसते. पण या निष्कर्षातून शासनकर्त्यांनी आपल्या सोयीचा एक दुसरा अर्थ काढला. औषध असले की घर आणि अन्न कसेही असो, रुग्ण बरा होतो. याचे 'घर आणि अन्न यांकडे पाहण्याची गरज नाही' असे झाले. टीबी बरा होणे आणि टीबी न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोयीने विसरले गेले.

जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने टीबीचा अल्प मुदतीचा उपचार अत्यंत किफायतशीर ठरवला. १९९७ पासून बँकेच्या कर्जावर सुधारित कार्यक्रम सुरू झाला, २००६ पर्यंत तो देशभर पोचला. आठवड्यातून तीनदा, कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या. लाखो माणसे यामुळे जगली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र ज्याच्या जंतूंवर नेहमीच्या औषधांचा परिणाम होत नव्हता त्याच्यासाठी या हिशेबात रकाना नव्हता. त्याचे औषध महाग. गरीब देशांनी त्याच्यामागे लागू नये, त्या पैशात साधे रुग्ण अधिक बरे होतील, अशी नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका होती. गणित बिनचूक होते. फक्त औषधाची किंमत त्यात जणू हिमालयासारखी निसर्गदत्त धरलेली होती. पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरूच्या झोपडपट्ट्यांत असे रुग्ण बरे करून दाखवले. २००० साली सामूहिक खरेदीची यंत्रणा उभी राहिली, काही औषधांच्या किंमती नव्वद टक्क्यांपर्यंत उतरल्या. २००२ साली त्याच पेरूवर, त्याच पद्धतीने गणित मांडले गेले, आणि उत्तर आले की हा उपचार परवडतो.

भारतात असा उपचार सरकारी कार्यक्रमातून २००७ साली सुरू झाला, तोही प्रथम गुजरात आणि महाराष्ट्रातच. दरम्यानच्या वर्षांत ज्यांना नेहमीच्या गोळ्या लागू पडत नव्हत्या ते काय करीत होते? ज्यांच्याकडे विकायला काही होते ते मंगळसूत्र विकून खासगी डॉक्टरकडे जात होते, पैसे संपले की औषध थांबवत होते आणि अधिक चिवट जंतू घेऊन घरी परतत होते. २०१२ च्या आरंभी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे चार रुग्ण जगापुढे ठेवले, तेव्हा सरकारने आधी त्या नावावरच हरकत घेतली. 'परवडत नाही' म्हणून जे टाळले त्याचा खर्च पुढे वाढून आला. हा खर्च १९९७ च्या गणितात कोणी धरला होता?

त्यानंतर बेडाक्विलिन आले. टीबीवरचे चाळीस वर्षांतले पहिले नवे औषध. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. सहा महिन्यांच्या औषधासाठी कंपनीने तीन भाव ठरवले: श्रीमंत देशांना ३०,००० डॉलर, मधल्यांना ३,०००, गरिबांना ९००. एकच गोळी, तीन भाव. वर्णव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला ही रचना समजायला वेळ लागत नाही. भारताला ती सुरुवातीला देणगी म्हणून मिळाली आणि २०१६ मध्ये मुंबईसह मोजक्या सहा ठिकाणी देण्यात येऊ लागली. या औषधाच्या संशोधनात लोकांचा, म्हणजे सरकारांचा आणि धर्मादाय संस्थांचा पैसा कंपनीच्या पैशापेक्षा कितीतरी अधिक होता, असा अंदाज २०२० साली एका अभ्यासाने मांडला. किंमत ठरताना मात्र तो पैसा कोणी मोजला नाही.

जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने मूळ पेटंट संपल्यावरही मक्तेदारी टिकावी म्हणून त्याच औषधाच्या एका क्षाराच्या रूपावर भारतात नव्या पेटंटचा अर्ज केला होता. त्याला २०१९ साली दोन स्त्रियांनी विरोध नोंदवला: मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींनी टीबी भोगलेला, आणि उपचारातच दोघींचे कान गेलेले. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपले. ऑगस्टपर्यंत जागतिक खरेदी यंत्रणेने सहा महिन्यांच्या औषधाची किंमत १३० डॉलरपर्यंत खाली आल्याचे जाहीर केले. ज्यांच्या बहिरेपणाला तक्त्यात एके काळी ०.०३३ वजन होते, त्यांनीच गणितातला सर्वांत मोठा आकडा बदलला. अर्थशास्त्रज्ञ किंमतीला 'दिलेली' मानतात. ती देणारा कोणी तरी असतो, आणि त्याच्याशी भांडता येते.

आता काळाचा हिशेब. या गणितात रुग्णाचा वेळ दोन रीतींनी हरवतो. केवळ सरकारी तिजोरीच्या बाजूने हिशेब मांडला तर रुग्णाचे खाडे, रिक्षाभाडे, रांगेत गेलेला दिवस यांची नोंदच होत नाही. तीनदा डोळ्यांदेखत गोळी घेण्याच्या पद्धतीत सरकारचे फेरे वाचले. रोज गोळी देण्याची पद्धत देशभर यायला सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश लागला. आणि समाजाच्या बाजूने हिशेब मांडला तर रुग्णाच्या वेळेला त्याच्या मजुरीने गुणतात. हे न्याय्य वाटते. पण मजुरी ठरवते कोण? माझ्या एका विद्यार्थ्याची आई मानखुर्दहून मुलुंडला घरकामाला जात असे. मुलाच्या आजारपणात एका दवाखान्यात तिचे दिवस गेले आणि दोन कामे सुटली. तिच्या एका दिवसाची किंमत समजा तीनशे रुपये आणि तिच्या मालकिणीच्या दिवसाची तीन हजार. मग तज्ज्ञाचा अर्धा तास वाचवण्यासाठी तिला चार तास बसवले, तर गणित म्हणते: समाजाचा फायदा झाला. कचरा वेचणाऱ्या बाईचा दिवस तर त्याहून स्वस्त, आणि घरी परतल्यावर ती जे रांधते-धुते ते शून्य रुपयांचे. जातीने मजुरी पाडली, पाडलेल्या मजुरीने आयुष्य स्वस्त झाले, आणि स्वस्त आयुष्यावर कमी खर्च करणे शास्त्रशुद्ध ठरले. मनूला एवढे सफाईदार करता आले नव्हते.

पण माझा सर्वांत मोठा आक्षेप यांपैकी कशावरही नाही. तो आहे कुंपणावर. मूल्यमापनात कशाची कशाशी तुलना करायची हे आधीच ठरलेले असते. गोळीची तुलना गोळीशी, इंजेक्शनची इंजेक्शनशी. खिडकीची तुलना गोळीशी कोणी करीत नाही.

मुंबईच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात शहराच्या चोवीस विभागांत एम-पूर्व सर्वांत तळाला होता. गोवंडी, मानखुर्द, देवनारचा कचरा डोंगर, हा सगळा भाग त्यात येतो. रेल्वेमार्गांच्या आणि रस्त्यांच्या रुंदीकरणासाठी झोपड्या हटवल्या तेव्हा हजारो कुटुंबे येथील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत आणून टाकली. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला २००२ साली जागतिक बँकेने कर्ज दिले होते. विस्थापितांच्या तक्रारींवरून बँकेच्याच तपासणी मंडळाने चौकशी केली आणि २००६ मध्ये काही महिने कर्जाचा हप्ता अडवला गेला, हे खरे. पण इमारती उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. सव्वादोनशे चौरस फुटांचे घर, आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर, कारण झोपडीधारकांच्या पुनर्वसनासाठी मोकळ्या जागेचे नियम शिथिल केले होते. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि मुंबईची आयआयटी यांच्या २०१८ मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात या दोन वसाहतींत साधारण दर दहा कुटुंबांमागे एका कुटुंबात टीबी आढळला. त्याच विभागातल्या, इमारतींत अधिक मोकळी जागा असलेल्या पीएमजी कॉलनीत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते.

म्हणजे पाहा. ज्या बँकेने १९९३ मध्ये टीबीचा उपचार सर्वांत किफायतशीर म्हणून जगाला सांगितला, आणि १९९७ मध्ये त्यासाठी कर्ज दिले, त्याच बँकेच्या दुसऱ्या कर्जाने हललेली माणसे टीबी पोसणाऱ्या खोल्यांत जाऊन पडली. एका खात्याच्या पुस्तकात जमीन वाचली म्हणून नफा. दुसऱ्या खात्याच्या पुस्तकात औषधांचा खर्च. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी चोख. ती शेजारी ठेवून वाचणारा मात्र कोणत्याही खात्यात नेमलेला नाही.

अन्नाचीही तीच गत होती; तिथे थोडे कुंपण मोडले आहे. अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टरांनी झारखंडात टीबी रुग्णांच्या घरच्यांना महिन्याचा शिधा दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: घरात नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. डाळ-तांदूळ हेही औषध आहे हे सिद्ध व्हायला मद्रासच्या प्रयोगानंतर चौसष्ट वर्षे लागली. सरकार रुग्णाला २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० देते. मुंबईत त्यात किती दिवसांचे जेवण होते हे वाचकांना सांगायला नको. पण अन्न निदान तक्त्यात आले. खिडकी अजून बाहेरच आहे.

आपल्या चळवळीलाही येथे दोन शब्द सुनावले पाहिजेत. आरोग्य हा आपण डॉक्टरांचा विषय मानला आणि हिशेब हा बनियांचा. राखीव जागांच्या टक्केवारीवर आपले कार्यकर्ते रात्रभर बोलतील; औषधाची किंमत कोणी ठरवली, इमारतीचे अंतर कोणी कमी केले, यावर सभेत शांतता पसरते. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्याचे आपण वारस आहोत, हे जयंतीच्या बॅनरवर शोभते. तक्ता समोर आला की आपण तो तज्ज्ञांकडे सरकवतो. या मूल्यमापनाचे अहवाल इंग्रजीत निघतात. मराठीत त्यांचा सारांश मागण्याचे, ज्यांच्यावर निर्णय लागू होणार त्या वस्तीतला माणूस त्या बैठकीत बसवण्याचे, आणि घर-अन्न-मजुरी यांचे रकाने त्यात घालण्याचे काम आपण हाती घेतलेले नाही.

आमच्या महाविद्यालयातल्या सात-आठ मुलांनी गेल्या पावसाळ्यानंतर एक साधा तक्ता करायला घेतला आहे. घरात टीबी झालेल्या कुटुंबांशी बोलायचे आणि लिहायचे: मजला कितवा, खिडकीसमोर भिंत किती हातांवर, दिवसा दिवा लावावा लागतो काय, खाडे किती, काम सुटले काय, शाळा कोणाची थांबली. पहिल्याच बैठकीत 'एका दिवसाची मजुरी' या रकान्यावर वाद झाला. बाईला प्रत्यक्ष मिळते ती मजुरी लिहायची, की किमान वेतनाच्या कायद्याप्रमाणे तिला मिळायला हवी ती? अर्थशास्त्र घेतलेला मुलगा म्हणाला, 'सर, मिळते तीच लिहितात.' मानखुर्दची मुलगी त्याच्याकडे पाहत राहिली. शेवटी पट्टी घेऊन तिने त्या रकान्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली, आणि आता दोन्ही आकडे लिहिले जात आहेत.